परतीच्या बोलीची शाल

आमच्या घरात फुलांच्या दोन टोपल्या असत. एक ताज्या फुलांची, एक उतरवलेल्या फुलांची. ताजी फुलं म्हणजे मखमलाबादच्या बाजूला दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं लावलेली शेवंती, झेंडू आणि निशिगंध. उतरवलेली म्हणजे शहरातल्या सभागृहांत सत्कार झाल्यावर खुर्च्यांवर टाकून दिलेल्या हारांमधली. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पहिली टोपली रिकामी राहायची आणि घर दुसरीवर चालायचं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. सायकलला गोणी बांधून ते कार्यक्रम संपायच्या बेतानं सभागृहाच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहत. पाहुणे चहाकडे वळले की आत शिरायचं, टेबलावरचे, खुर्च्यांच्या हातांवरचे हार गोळा करायचे आणि घरी आणून आईपुढं ओतायचे. आई दोरा तोडून धडकं फूल वेगळं काढी, पाणी शिंपडी, ओल्या फडक्यात बांधून ठेवी. सकाळी त्याचेच नवे हार होत. तिचा एक नियम मात्र होता. उतरवलेलं फूल देवाला नाही आणि मयताला नाही. "गाडीला चालतं, पुढाऱ्याला चालतं," ती म्हणायची. "दोघांनाबी नाक नाय."

सभागृहाचा वॉचमन दादांना गिधाड म्हणायचा. "थांब रे, भाषण मरू दे आधी, मग तुटून पड." दादा हसायचे. मी सोबत असले की मात्र हसत नसत. शाळेत मला उष्ट्या हारांची म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत एका मास्तरांची मुलगी होती. त्या मास्तरांच्या गळ्यातला हार आम्ही दर शिक्षकदिनाला उचलून आणायचो, म्हणून तिला ते नेमकं माहीत होतं.

मागच्या दारातून दादांनी जितके सत्कार पाहिले तितके शहरातल्या कुठल्याही प्रमुख पाहुण्यानं पाहिले नसतील. घरी येऊन ते नक्कल करत. शाल अंगावर पडताना माणूस कसा वाकतो, नको नको म्हणत मान कशी पुढं करतो.

"ह्याला मी तिसऱ्यांदा बघतो शाल घेताना. करतो काय हा?"

"काय करत नाय म्हणून तर वेळ घावतो," आई म्हणायची.

मग एकदा सुईत दोरा ओवता ओवता दादा म्हणाले, "येकदा आपल्याबी अंगावर पडावी. लय नाय, येकदा. बघावं कशी लागती ती." आम्ही सगळे हसलो. तेही हसले, पण त्यांनी सुईवरून नजर काढली नाही.

त्या दोन टोपल्यांवर मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं माणूस मीच पहिलं, आणि हे मी लाजत सांगत नाही. आत्या तेव्हा म्हणाली होती, "इतिहास घेतला? म्हंजी मेलेल्यांच्या भानगडी. मग नवराबी तसलाच बघावा लागंल." इतिहासावर नोकरी लागत नाही असं सगळे सांगत होते. मला लागली. लहानशी, पण लागली.

शहरात एका मंडळाचं छोटं संग्रहालय होतं. दोन खोल्या आणि मागं एक ओसरी. काही नाणी, दिवे, गंजलेल्या तलवारी आणि एक पालखी, जिच्या मखमलीत कसर लागली होती. मी तिकिटं फाडायचे, कपाटं पुसायचे आणि फाटकातल्या फळ्यावर खडूनं 'आगामी कार्यक्रम' लिहायचे. माझं अक्षर चांगलं होतं. दिवाळीत मुलांची किल्ले स्पर्धा, संक्रांतीला बायकांचं हळदीकुंकू आणि जुन्या दागिन्यांवर भाषण, उन्हाळ्यात मोडी लिपीचा वर्ग. प्रत्येक कार्यक्रमात शेवटी डबा फिरायचा. डब्यावरही मीच लिहिलं होतं: 'शेती दालनासाठी'.

ते दालन अध्यक्षांच्या मनात होतं. अध्यक्ष म्हणजे सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं. माणसाकडे ते आधी खालून वर बघत, म्हणजे चपलेपासून सुरुवात. त्यांचं एक ठाम मत होतं. "माणूस उगाच खिशात हात घालत नाही. आधी त्याचा सत्कार करावा लागतो." त्यामुळे आमच्याकडे पैसे देणाऱ्याचा सत्कार व्हायचा, देतो म्हणणाऱ्याचा व्हायचा आणि देईल असा वाटणाऱ्याचा तर आधी व्हायचा.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा त्यांनी मोठा निधी समारंभ ठरवला. पैसे देतील त्यांना म्हणायचं देणगीदार. जुनी अवजारं, भांडी देतील त्यांना वस्तुदाते. दोघांचेही सत्कार एकाच मांडवात. मी फळ्यावर लिहिलं, की घरात जुनं औत, मोट, तिफण पडून असेल तर द्या. लोकांनी दिलीही. पेठ तालुक्यातल्या एका म्हातारीनं मासे धरायची बांबूची खोइन आणून दिली, तीही एसटीत मांडीवर धरून.

आमच्या गोठ्याच्या आढ्याला आजोबांची मोट टांगलेली होती. चामड्याची, तिच्याबरोबर लाकडी चाक. विहिरीवर इंजिन आल्यावर मोट वर गेली ती गेलीच, पण दादा वर्षातून एकदा ती खाली घेऊन चामड्याला तेल पाजायचे. का, विचारलं तर म्हणायचे, "म्हातारा बघत आसंल."

मी घरी शेती दालनाचं बोलले त्या दिवशी त्यांनी जेवता जेवता विचारलं, "वस्तू दिल्यावर सत्कार करत्यात का?"

दुसऱ्या दिवशी मी चिटणीसबाईंना विचारलं. कार्यक्रमाची सगळी सामग्री त्यांच्याकडे असे. "करतो की. सगळ्यांचा करतो. शाल, श्रीफळ, मंचावर बोलावून," त्या म्हणाल्या. मी घरी येऊन तसंच सांगितलं. रविवारी सकाळी मोट खाली उतरली आणि दुपारपर्यंत तिला तेल लावणं चाललं होतं. संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेले तर खांद्यावर पंचा टाकून ते आरशापुढं उभे होते. मला बघून म्हणाले, "वाकायचं किती असतं गं?"

"थोडं."

"आई म्हणती, वाकूच नको. पर मग अध्यक्षाचा हात कसा पुरंल?"

समारंभ संग्रहालयाच्या अंगणात होता. हार आईनंच पुरवले होते, सगळे ताजे, कारण त्यात एक हार दादांचाही होता. ती टोपल्या घेऊन फाटकाशी बसली होती. आत यायला तिनं नकार दिला. "मी आत आले तर हार कोण सांभाळंल, तुझा अध्यक्ष?" निवेदन माझ्याकडे होतं. अध्यक्षांना वाटत होतं की कॉलेजातली बाई आणावी, पण त्या बाईंनी ऐन वेळी नाही कळवलं, आणि माझा आवाज खणखणीत आहे हे त्यांनी किल्ले स्पर्धेत ऐकलं होतं.

पहिल्या रांगेत देणगीदार. एक बिल्डर, एक डॉक्टर आणि त्यांची बायको, विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी, आणखी काही. त्यांचे सत्कार आधी झाले. प्रत्येक जण मला दादांनी केलेल्या नकलेसारखाच दिसला. नको नको, आणि मान पुढे. शाली पांघरून ते आपापल्या जागी बसले.

मग वस्तुदाते. हे लोक मागच्या रांगांत होते. मी एकेकाचं नाव घेत होते. माणूस डावीकडून मंचावर चढे, अध्यक्ष शाल घालत, फोटो निघे, माणूस उजवीकडून उतरे. उजवीकडे पायऱ्यांशी मंडळाचा एक तरुण कार्यकर्ता उभा होता. तो अदबीनं म्हणे, "द्या काका, घडी करून देतो." काका शाल देत. घडी होई. घडी मंचाच्या मागून पुन्हा डावीकडे जाई आणि पुढच्या काकांच्या अंगावर पडे. शाली दुकानदाराकडून परतीच्या बोलीवर आणल्या होत्या. देणगीदारांच्या तेवढ्या मंडळानं विकत घेतल्या होत्या. वस्तुदात्यांसाठी एकच ठेवली होती, ती अशी फिरत होती. गावाकडची माणसं घडीची वाट बघत थोडी घुटमळत, मग नारळ हातात धरून जागेवर जाऊन बसत. मागायला कोण जाणार?

हे मला माइकपाशी उभं राहून, तिथल्या तिथं कळलं. तेव्हा दादा मंचावर चढत होते.

मी त्यांचं पूर्ण नाव घेतलं. गावाचं नाव घेतलं. मोटेचं सांगितलं. अध्यक्षांनी शाल घातली. दादा थोडे वाकले, बरोबर जितकं वाकायला हवं तितके. आईचा हार गळ्यात पडला. फोटो निघाला. ते उजवीकडून उतरले तेव्हा तो कार्यकर्ता म्हणाला, "द्या काका, घडी करून देतो."

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "घडी मोडायला लय वर्षं लागली."

आणि शाल दोन्ही खांद्यांवर तशीच घेऊन ते मांडवाच्या कडेनं चालत फाटकाकडे गेले, आईला दाखवायला.

फिरणाऱ्या शालीचं गणित तिथं फिसकटलं. पुढं पेठची म्हातारी मंचावर आली. अध्यक्षांनी हात पुढे केले, हातात काही नाही. ते हसत उभे राहिले. म्हातारी त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. मंचाच्या मागून चिटणीसबाईंनी माझ्या हातात चिठ्ठी सरकवली आणि दातांतून म्हणाल्या, "वाच लवकर. हे तुझ्याच वडिलांचं काम आहे." चिठ्ठीत होतं: ज्या वस्तुदात्यानं शाल परत केलेली नाही त्यानं ती ताबडतोब आणून द्यावी.

मी फाटकाकडे पाहिलं. आई शालीचा काठ बोटांत धरून बघत होती. दादा तिच्यापुढं सरळ उभे होते, कापड दुकानातल्या पुतळ्यासारखे.

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि माइकवर बोलले. काय बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "एक सूचना. या संस्थेची पद्धत अशी आहे की सत्कारात घातलेली शाल नंतर परत घ्यायची असते. तरी आज ज्यांचा ज्यांचा सत्कार झाला त्या सर्व मान्यवरांनी आपापली शाल कृपया मंचासमोर आणून ठेवावी. सुरुवात पहिल्या रांगेपासून करू."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. पण माइक माझ्या हातात होता आणि पन्नास माणसांसमोर तो हिसकावणं त्यांच्या सफारीला शोभलं नसतं. पहिला उठला तो विंचूरचा व्यापारी. त्यानं शाल काढली, गोळा केली आणि समईच्या पुढ्यात टाकली. "घ्या. माझ्या घरी अशा ट्रंकभर पडल्यात. म्हशीच्या पाठीवर टाकतो मी थंडीत."

डॉक्टरांच्या बायकोनं नवऱ्याची शाल स्वतःच ओढून काढली आणि ठेवून आली. नजर कुणाकडे नाही. बिल्डर बसून राहिला. "मी पैसे दिलेत," तो म्हणाला. मागून कुणीतरी म्हणालं, "मग पावती घ्या की. शाल कशाला?" तेव्हा मागच्या रांगा हसल्या. नारळ मांडीवर धरून बसलेली ती सगळी माणसं हसली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. बिल्डर उठला, शाल टाकली आणि चालता झाला.

ढिगातली एक मी उचलली, पेठच्या म्हातारीच्या अंगावर घातली आणि म्हटलं, "आजी, ही तुमची. घरी न्यायची." तिनं पदरासारखी ती दातांत धरली आणि मंचावरून उतरली. घडी करणारा कार्यकर्ता तिच्या वाटेतून बाजूला झाला.

मला वाटलं, जिरवली मी यांची. आणि तेवढ्यात मांडवाच्या मधल्या वाटेनं दादा येताना दिसले. दोन्ही तळव्यांवर शाल. नीट घडी केलेली, काठाला काठ लावून. सूचना सगळ्यांसाठी होती आणि दादाही त्या सगळ्यांत होते. ते पुढे आले, ढिगावर शाल ठेवली, ढीग पडू नये म्हणून वरून हात दाबला आणि परत गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मागच्या रांगा अजून हसतच होत्या, कुणाला म्हणून हसत होत्या ते आता सांगता येत नाही.

मी पुढचं नाव पुकारलं. दुसरं काय करणार?

सकाळी आम्ही निशिगंध खुडत होतो. मग दादा म्हणाले, "शाल त्यांची व्हती, त्यांनी नेली. त्याचं काय नाय. आपण नाय का हार उचलायचो? तसलंच. पर बाई, नाव पुकारलं बी तूच, आन् मागून घेतली बी तूच."

"मी पहिल्या रांगेकडून मागितली होती."

"मला कळलं न्हवतं व्हय? समद्यांना कळलं. म्हणून तर दिली. एकट्याच्या अंगावर ऱ्हायली आसती तर लोक म्हणले आसते, पोरगी माइकवर म्हणून बापाची वाचली."

आई वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला होती. तिनं वर न बघता सांगितलं, "शिकलेल्याचं आसंच. चिडायचं लोकांवर आन् उघडं करायचं घरच्याला."

ती चिठ्ठी मी वाचली असती तर त्या मांडवात एकटे दादा उठून आले असते, आणि सगळे फक्त त्यांच्याकडे बघत राहिले असते. मी निवडलं ते निवडलं.

त्याच आठवड्यात अध्यक्षांनी बोलावलं. समितीचे चार जण बसले होते. मला बसायला सांगितलं नाही. "चूक माझीच," अध्यक्ष इतरांना म्हणाले, "फुलवाल्याच्या पोरीला माइकवर उभं केलं. हिला हार वाटायला ठेवायला हवं होतं." मग मला म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही. आणि ती मोट घेऊन जा. अडगळ नको आम्हाला."

मी म्हटलं, "वस्तू वडिलांनी दिलीय. त्यांना सांगते."

दादा दुसऱ्या दिवशी सायकलवर आले, मी सोबत होते. मंडळाला वाटलं, न्यायला आले. ते चप्पल काढून आत गेले, मोटेवरून हात फिरवला आणि अध्यक्षांना म्हणाले, "दिलेली वस्तू परत न्यायची आमच्यात रीत नाय, साहेब." चप्पल घातली आणि निघाले. मागं अध्यक्ष म्हणाले ते मला दारातून ऐकू आलं. म्हणाले, "मग कुजू दे इथंच."

आणि तसंच झालं. मोट मागच्या ओसरीत टाकली. ओसरीला गळती होती. पहिल्या पावसाळ्यात चामडं फुगलं, दुसऱ्यात उंदरांनी खाल्लं. तोवर मी शिकवण्या घेत एम.ए. केलं होतं आणि तालुक्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागले होते. संग्रहालयावरून बसनं जाताना फाटकातला फळा दिसायचा. त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी गिचमिड अक्षर. किल्ले स्पर्धा, हळदीकुंकू, आगामी सत्कार.

पुढं विंचूरच्या व्यापाऱ्याचं आणि अध्यक्षांचं कुठल्याशा निवडणुकीवरून फाटलं. एका सकाळी त्याची जीप थेट आमच्या वाफ्याशी येऊन थांबली. उतरून त्यानं दादांना विचारलं, "मोट दिलेली ती तुम्हीच ना? पूर्ण नाव सांगा. पाटीवर घालायचंय."

दादांनी हातातली टोपली खाली ठेवली.

"शेती दालन मी बांधून देतोय. अट घातलीय. दारावर माझं नाव, मोठ्या अक्षरात. आणि आत पहिली पाटी ज्याची शाल काढून घेतली त्याची. तुमच्यासाठी नाय बरं का, उगाच हुरळू नका. त्या म्हाताऱ्या अध्यक्षाला रोज त्या पाटीसमोरून जावं लागलं पाहिजे."

"जिरवा," दादा म्हणाले. "नाव तेवढं नीट लिव्हा."

दालनाचं उद्घाटन झालं तेव्हा आम्ही तिघं गेलो. या वेळी आई आत आली. सत्कार एकच झाला, व्यापाऱ्याचा, आणि त्याची शाल त्यालाच राहिली. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मोटेचं चामडं उरलं नव्हतं. चाक होतं आणि तोंडाची लोखंडी कडी होती. दादा पाटीपुढं उभे राहिले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचत गेले. चौथीपर्यंतच शिकले होते, वेळ लागला. मागं रांग लागली तरी ते हलले नाहीत.

निघताना व्यापाऱ्याचा हार खुर्चीवर पडलेला दिसला. दादांनी तो उचलला आणि पिशवीत टाकला.

"कशाला आता?" मी म्हटलं.

"निशिगंध चांगला हाय," ते म्हणाले.

शेती दालन झालं. मोटेचं चाक तिथं आहे. खाली पाटी आहे, तिच्यावर माझ्या वडिलांचं पूर्ण नाव आणि गाव आहे, आणि ते नीट लिहिलेलं आहे.